पहिला शब्द

समोरच्याचं वाक्य अडलं की काकांच्या चेहऱ्यावर त्रास दिसायला लागायचा. दुसऱ्याचा पाय मुरगळताना बघून आपलंच तोंड वाकडं होतं, तसा. कारेलीबागेतल्या औषधाच्या दुकानात एखादी बाई "पेली गोळी आपो ने, पेली... पीळी..." म्हणत, पिवळी गोळी कशाची ते न आठवून घुटमळली, की रांगेत तिसरे उभे असलेले काका खालच्या आवाजात म्हणत, "एसिडिटीनी." बाई मागे वळूनही न बघता दुकानदाराला सांगे, "हा, एसिडिटीनी." शब्द आपला नव्हता हे तिच्या लक्षातही येत नसे. काकांना तेच हवं असे. "शब्द कुठून आला ते कळलं, म्हणजे आपण चुकलो," असं ते म्हणत.

एका लग्नात नवरदेव उखाणा घ्यायला उभा राहिला, "विश्वामित्रीच्या काठी..." एवढं म्हणाला आणि वर पंख्याकडे बघत बसला. विश्वामित्री नदी मगरींसाठीच प्रसिद्ध, म्हणून त्याचे मित्र ओरडले, "मगर! मगर!" सगळा हॉल हसला. काका समोरच्या पंगतीत मठ्ठ्याची वाटी तोंडाला लावून बसले होते. वाटीच्या आडून त्यांनी फक्त म्हटलं, "वाजते." नवरदेवाला एकदम उरलेलं सगळं आठवलं. आणखी एकदा, शेजारच्या घरी कोणी वारलं होतं. भेटायला आलेला पाहुणा "फार... फार..." करत दारातच थांबला. काकांनी पाण्याचा पेला पुढे करता करता त्याला हळूच शब्द दिला, "अचानक." पाहुणा म्हणाला, "फार अचानक झालं हो," आणि सुटल्यासारखा खुर्चीवर बसला.

हे मी हसत सांगतो आहे, कारण काकांचा विषय निघाला की गुजराती मुलखातल्या आमच्या मराठी मंडळात सगळे असेच किस्से सांगतात आणि हसतात. मीही हसतो. पण काकांचा विंगेतला आवाज गेला, त्यात माझा हात आहे. हे मी आजवर एकाच माणसाला सांगितलं, आणि तेही मला धड सांगता आलं नाही.

मंडळाच्या नाटकांना काका अठ्ठावीस वर्षं प्रॉम्प्टर होते. हल्ली प्रॉम्प्टर ठेवणं कमीपणाचं समजतात, पण आमची गोष्ट वेगळी होती. आमचे नट म्हणजे कोणी बँकेतले, कोणी ट्यूशन घेणारे, कोणी माझ्यासारखे अलकापुरीतल्या विम्याच्या ऑफिसात दिवसभर गुजरातीत पॉलिसी समजावणारे. संध्याकाळी तालमीला आल्यावर जिभेला मराठीचं वळण लागायलाच अर्धा तास जायचा. एकदा तर ऐन प्रयोगात आमचे खलनायक "चल, निघ इथून" म्हणायच्या जागी नायिकेला "चाल, नीकळ अहींथी" म्हणून गेले होते. अशा लोकांना काका हवेच होते.

उजव्या विंगेत एक बुटकं स्टूल, पेनाएवढा टॉर्च आणि त्याच्या काचेवर लाल जिलेटिनचा तुकडा, खिशात खडीसाखर. नाटकाची छापील प्रत ते वापरत नसत. अख्खं नाटक लांबट वहीत स्वतःच्या टपोऱ्या अक्षरात उतरवून काढत. त्यात पेन्सिलीच्या खुणा असत. टिंब म्हणजे नट इथे थांबतो, गोल म्हणजे नट इथे अडकतो. गोलांना ते खड्डे म्हणत. माझं पान उघडून एकदा मला दाखवलं होतं त्यांनी. "अहो, बघा, चातुर्मासातला आपला रस्ता."

काका लहानथोर सगळ्यांना 'अहो' म्हणत. तालमीला आईबरोबर आलेल्या पाच वर्षांच्या पोरीलाही "अहो, तुमची बाटली सांडली," असं सांगत.

त्यांचे दोनच नियम होते. पहिला, नट थांबला की दोन श्वास वाट बघायची. "थांबणं वेगळं आणि अडकणं वेगळं. थांबलेल्याला शब्द दिला तर त्याचा अपमान होतो. अडकलेल्याला नाही दिला तर आपलं पाप." दुसरा नियम, द्यायचा तो पहिला शब्द. वाक्य कधीही द्यायचं नाही. "वाक्य दिलं की नट भिकारी होतो. पहिला शब्द दिला तर उरलेलं त्याचं त्याला सापडतं."

माझे वडील गेले तेव्हा मंडळाच्या हॉलमध्ये शोकसभा होती. मला दोन शब्द बोलायला उभं केलं. "माझे वडील," म्हणालो आणि पुढे काही येईना. समोर शंभर माणसं, सगळ्यांच्या माना खाली. माझ्या मागच्या खुर्चीवरून अगदी कानाजवळ शब्द आला, "सायकल." मी कधीतरी चहाच्या वेळी काकांना सांगितलं होतं, की बाबा मला शाळेत सोडायला सायकलच्या दांडीला टॉवेल गुंडाळून त्यावर बसवत. मी स्वतः विसरलो होतो, त्यांना आठवत होतं. त्या एका शब्दावर मी दहा मिनिटं बोललो. आई म्हणाली, "किती छान बोललास रे." मी तिला सांगितलं नाही.

काका राहात होते कारेलीबागेतल्या एका सोसायटीत, तळमजल्यावर. पाणीपुरवठ्यात कारकून होते, निवृत्त झाले. लग्न केलं नव्हतं. घरात ते आणि त्यांचे थोरले भाऊ. त्यांना सगळी सोसायटी दादा म्हणे. दादा विधुर होते, छापखान्यात चाळीस वर्षं प्रुफं तपासलेले. यंत्रांच्या खडखडाटात त्यांचे कान गेले. कानाचं यंत्र आणलं होतं, ते टेबलाच्या खणात होतं. "त्यात नुसता पंखा ऐकू येतो," असं दादा म्हणत. पण डोळे शाबूत होते आणि सवय गेली नव्हती. घरात आलेला छापील कागद, मग ती लग्नपत्रिका असो, विजेचं बिल असो की लिल्या, म्हणजे ओल्या, चिवड्याचं पाकीट, दादा पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचत आणि लाल पेनाने चुका काढत. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे ते किती मोठ्याने वाचतात याची त्यांना कल्पना नव्हती. पाहुण्याच्या पत्रिकेत 'शुभविवाह' ऱ्हस्व-दीर्घासकट बरोबर आहे की नाही, हे चार घरांना कळे.

आणि दादांना काही सांगायचं म्हणजे काकांना ओरडावं लागे. "दादा, पाणी काढलंय आंघोळीला!" ही आरोळी ऐकून समोरच्या शाहबेन कुकर लावत. दिवसाकाठी अशा पन्नास तरी आरोळ्या होत. संध्याकाळी सात वाजता काका तालमीला येत आणि अडीच तास कुजबुजत. "घरी ओरडतो, विंगेत कुजबुजतो," असं ते म्हणायचे. "मधल्या आवाजाचं गिऱ्हाईकच नाही हो माझ्याकडे."

आता माझं सांगतो.

मी वीस वर्षं मंडळाच्या नाटकांत पोस्टमन, इन्स्पेक्टर, शेजारी आणि एकदा प्रेत अशा भूमिका केल्या. शेहेचाळिसाव्या वर्षी मला मुख्य भूमिका मिळाली. निवृत्त न्यायाधीशाची. दुसऱ्या अंकात त्याचं लांबलचक स्वगत होतं. नाटक स्पर्धेत उतरणार होतं. आमच्या दिग्दर्शिका ताई सुभानपुऱ्यातल्या, बँकेत अधिकारी आणि शिस्तीच्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "तीन आठवड्यांनी हातातली वही खाली. पाठ नसेल त्याची भूमिका काढून घेईन, मग तो माझा सख्खा भाऊ का असेना. नंतर रडायचं नाही."

माझं पाठ होत नव्हतं. खरं सांगायचं तर मी मन लावून बसतच नव्हतो. ऑफिसातून आलो की वही उघडायची, दोन पानं वाचायची, आणि वाटायचं, काका आहेत. ते शब्द इतका अलगद देत की ताईंनाही कळत नसे. एकदा त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "यांच्याकडून शिका जरा. ऑफिस सांभाळून पाठांतर बघा." मी मान खाली घालून हसलो. विंगेत लाल टॉर्च विझला.

काकांचा आवाज तेव्हा दोन-तीन महिने बसलेलाच होता. घसा खवखवत नव्हता, सर्दी नव्हती, फक्त आवाज घोगरा, आणि संध्याकाळपर्यंत फाटलेला. ते ज्येष्ठमध चघळत, हळद-दूध पीत, आणि "हवा बदलली" असं म्हणत. डॉक्टरकडे चला म्हणून मीच त्यांच्या मागे लागलो. मंडळात सगळे म्हणाले, किती काळजी करतो हा. पण मी मागे लागलो कारण मला विंगेतला शब्द ऐकू येईनासा झाला होता.

अलकापुरीतल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाकातून बारीक नळी घालून काकांचा घसा पडद्यावर दाखवला. दोन पांढरट पट्ट्या, उघडणाऱ्या आणि मिटणाऱ्या. दोन्हींच्या कडेला, बरोबर समोरासमोर, एकेक बारीक उंचवटा होता. काका पडद्याकडे बघत म्हणाले, "डॉक्टर, हे म्हणजे... हे..." आणि अडकले. मी त्यांना कधी अडकलेलं बघितलं नव्हतं. त्यांना कोणता शब्द हवा होता ते मला माहीत होतं. मी शेजारीच बसलो होतो. मला तो उच्चारायचा धीर झाला नाही.

डॉक्टरच म्हणाले, "कॅन्सर नथी, काका. चिंता ना करशो." मग त्यांनी नीट समजावलं. आवाज काढताना या दोन पट्ट्या एकमेकींवर सेकंदाला शेकडो वेळा आपटतात. जोर लावून, ताणून बोलत राहिलं की जिथे जास्त आपटतात तिथे घट्टा पडतो. भाजी चिरणाऱ्याच्या बोटाला पडतो, तसाच. त्यामुळे पट्ट्या नीट मिटत नाहीत, मधून हवा निसटते, आवाज फाटतो. आवाजाला विश्रांती दिली आणि बोलण्याची पद्धत सुधारली तर बहुतेक वेळा हे घट्टे आपोआप उतरतात, ऑपरेशन लागत नाही. "फक्त महिना-दीड महिना सांभाळा," ते म्हणाले. काकांनी खिशातली खडीसाखर काढून डॉक्टरांनाच दिली.

काकांचा घसा बधिर केला होता, म्हणून त्यांना बाहेर बसवलं आणि मी शेजारच्या खोलीत गेलो. तिथे वाणीचे व्यायाम शिकवणारी एक तरुण मुलगी होती. तिने विचारलं, "भाई, तमे एमना दीकरा?" मी म्हणालो, "एवुंज समजो." मुलासारखाच आहे, असं. तिने मला चार गोष्टी सांगितल्या. पाणी भरपूर प्यायचं. ओरडायचं नाही. तिखट, आंबट, रात्री उशिराचं जेवण बंद, कारण पोटातलं आम्ल घशापर्यंत येतं. चौथी सांगताना तिने बोट वर केलं. "सौथी अगत्यनी वात. गुसपुस पण नहीं करवानी." सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, कुजबुजणंसुद्धा नाही. लोकांना वाटतं कुजबुजलं की आवाजाला आराम मिळतो. दुसऱ्याला लांबवर ऐकू जावं म्हणून जोर लावून कुजबुजलं की त्या पट्ट्या ताणल्या जातात आणि उलट जास्त दुखावतात. "कागळ पण फाइलमां मुक्यो छे," ती म्हणाली. मी फाईल घेतली आणि बाहेर येऊन काकांच्या हातात दिली. असले कागद कोण वाचतं.

परत येताना आम्ही सेव-उसळ खायला थांबलो. उसळीवर तिखट तरी नको म्हणून काकांनी स्वतःहून सांगितलं. पांढरी फिक्की उसळ समोर घेऊन त्यांनी विचारलं, "काय काय म्हणाली हो ती मुलगी?"

"पाणी प्या. ओरडू नका. तिखट बंद."

"आणि प्रॉम्प्टिंग?"

प्रयोगाला बावीस दिवस होते. मी म्हणालो, "ते कुठे बोलणं आहे, काका? उलट ती तर आवाजाला विश्रांतीच."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. दोन श्वास. मग "बराबर," म्हणाले आणि पाव मोडला.

नंतरचे तीन आठवडे काकांनी सगळं पाळलं. घरी ओरडणं बंद केलं. दादांना चिठ्ठ्या लिहून देऊ लागले, आणि दादा त्या चिठ्ठ्या लाल पेनाने दुरुस्त करून परत देऊ लागले. 'पाणि काढले आहे' मधली 'णि' दीर्घ करून मगच ते आंघोळीला जात. सकाळची आरोळी ऐकू येईना म्हणून शाहबेनने येऊन विचारलं, "काका, बधुं बराबर छे ने? सवारे अवाज नथी आवतो." काकांनी त्यांना हसून नमस्कार केला. तालमीला आले की कोणाशी बोलत नसत, हातानेच सांगत. फक्त माझा प्रवेश सुरू झाला की विंगेतून तो फाटका, हवेसारखा शब्द यायचा.

एकदा तालीम संपल्यावर त्यांनी माझ्या हातात चिठ्ठी दिली. 'पाठ होतंय का हो?' मी म्हणालो, "होतंय, काका. जवळजवळ झालंच." त्यांनी चिठ्ठी परत घेतली, घडी केली आणि खडीसाखरेच्या खिशात ठेवली.

प्रयोग रविवारी संध्याकाळी होता. पहिला अंक निभावला. दुसऱ्या अंकात स्वगताच्या मध्यावर माझ्या डोक्यातलं सगळं पुसलं गेलं. मी थांबल्याचं नाटक केलं, खिडकीपर्यंत गेलो, उजव्या विंगेच्या जवळ. दोन श्वास झाले. शब्द आला, पण नुसती हवाच आली. मी हललो नाही. पुन्हा आला, जरा जोरात. तरी कळेना. समोर तीनशे माणसं बसली होती. आणि मग काकांनी अठ्ठावीस वर्षांत न केलेली गोष्ट केली. त्यांनी पूर्ण वाक्य दिलं. कुजबुजतच, पण सगळा जीव लावून, पहिल्या दोन रांगांना ऐकू जाईल असं. शेवटच्या शब्दाला कापड फाटावं तसा आवाज झाला.

मी ते वाक्य उचललं. पुढचं सगळं मला आठवलं. टाळ्या पडल्या. मला अभिनयाचं प्रशस्तिपत्र मिळालं.

पडदा पडल्यावर विंगेत गेलो. काका स्टुलावर बसले होते, हात गळ्यावर. माझ्याकडे बघून हसले आणि काहीतरी म्हणाले. ओठ हलले, आवाज अजिबात नव्हता. मी म्हणालो, "काका, आलोच हं, फोटोला बोलावताहेत."

फोटो झाला. त्यात मी मधोमध आहे.

आठवड्याने पुन्हा तीच नळी, तोच पडदा. मी या वेळी बाहेरच थांबलो. ती मुलगी माझ्यासमोर काकांना विचारेल, तुम्हाला सांगितलं होतं ना, ही भीती होती. दादा आत गेले होते. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात अहवालाचा कागद होता. एका पट्टीवर आता लालसर फुगा आला होता, आत रक्त साकळलेला. हाही साधाच, म्हणजे कॅन्सरचा नव्हे, पण एवढा झालेला आपोआप जाणार नाही, काढावा लागेल आणि काढून तपासायलाही पाठवतील, असं डॉक्टर म्हणाले. दादांनी मला मोठ्याने विचारलं, "कशाने झालं म्हणे हे?" सगळी वेटिंग रूम माझ्याकडे बघायला लागली. मी खांदे उडवले.

नंतर मी एकटा जाऊन डॉक्टरांना भेटलो. प्रयोगाच्या दिवशीच्या ताणाने झालं का, असं विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. महिनोन् महिने घासत होतं, तेव्हा कधीही होऊ शकलं असतं. त्या वाक्याला मी बरेच दिवस धरून होतो. पण ते मला कधी पुरलं नाही.

ऑपरेशन तोंडातूनच झालं, बाहेरून एक टाकाही नाही. तपासणीचा अहवाल चांगला आला. महिनोन् महिने काका त्या मुलीकडे जाऊन लहान मुलासारखे गुणगुणायला, फुंकायला, ओठ फुर्रफुर्र करायला शिकले. आवाज परत आला. थोडा खरखरीत, धुतलेल्या खादीसारखा, पण स्वच्छ. मात्र आता ओरडायचं नाही आणि जोर लावून कुजबुजायचंही नाही, कायमचं. दादांनी खणातून यंत्र काढलं, त्यात नव्या बॅटऱ्या घातल्या आणि कानाला लावलं. "पंखा ऐकू येतो, आणि हाही ऐकू येतो," अशी तक्रार करतात. आता दोघं भाऊ संध्याकाळी ओट्यावर बसून साध्या आवाजात बोलतात. आयुष्यभर ज्याचं गिऱ्हाईक नव्हतं, तो मधला आवाज काकांना सत्तरीच्या उंबरठ्यावर मिळाला.

पण विंगेतलं स्टूल गेलं. मंडळात आता सगळ्यांना पाठ करावं लागतं, आणि होतंही. परवा औषधाच्या दुकानात ते मला दिसले. पुढचा माणूस "पेलुं... पेलुं मलम..." करत होता. काकांनी ओठ घट्ट मिटले, मान वळवली आणि रस्त्याकडे बघत राहिले. मी मागच्या मागे निघून आलो.

मला सांगायचा आहे तो दिवस ऑपरेशननंतरचा पाचवा. आठवडाभर संपूर्ण मौन होतं. घसा खाकरायलासुद्धा बंदी. काका बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसले होते, मांडीवर मुलांची जादूची पाटी. लिहायचं आणि वरचा कागद उचलला की पुसलं जातं, ती. दादा आत कपड्यांच्या घड्या करत होते. उन्हाळा होता, खिडक्या सताड उघड्या.

काय बोलायचं ते मी स्कूटरवर येताना चार वेळा म्हणून बघितलं होतं. आयुष्यात एवढं मन लावून मी काही पाठ केलं नव्हतं. खुर्ची ओढून बसलो आणि सुरुवात केली.

"काका, त्या दिवशी दवाखान्यात, तुम्ही बाहेर बसला होतात, तेव्हा त्या मुलीने मला सांगितलं होतं की... की तुम्ही..."

पुढचं येईना. काका माझ्याकडे बघत होते. तोच त्रास त्यांच्या चेहऱ्यावर यायला लागला, मुरगळलेला पाय बघावा तसा. मी त्यांचा श्वास बघत होतो. एक. दोन.

त्यांनी पाटी उचलली, एक शब्द लिहिला आणि माझ्याकडे वळवली.

'कुजबुज'

बाकीचं मी म्हणालो. कुजबुजायचंही नाही असं तिने सांगितलं होतं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणून सांगितलं होतं. मी तुम्हाला ते मुद्दाम सांगितलं नाही. तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं सांगितलं. सगळं म्हटलं, एका दमात, कुठेही न अडकता.

काकांनी कागद उचलून पाटी पुसली आणि लिहिलं. 'फाईलमधला कागद दादाने त्याच संध्याकाळी वाचला. सोसायटीभर ऐकू गेला. दोन चुका निघाल्या.'

मी ते पुन्हा वाचलं. म्हणजे दवाखान्यानंतरच्या पहिल्या तालमीपासून त्यांना माहीत होतं. चिठ्ठी दिली त्या दिवशीसुद्धा. प्रयोगाच्या रविवारीसुद्धा.

"मग तुम्ही बसलात कशाला विंगेत?" माझा आवाज चढला. "सांगायचं होतंत मला! सगळ्यांसमोर तोंडात मारायची होती! कशाला बसलात, काका?"

मी ओरडतोय हे दादांनाही जाणवलं असावं. ते हातात अर्धी घडी घातलेलं धोतर घेऊन दारात आले. काका पाटीवर लिहीत होते. लिहून झालं तरी त्यांनी पाटी माझ्याकडे वळवली नाही, मांडीवरच ठेवली. दादा पुढे आले, चष्मा वर केला, पाटी उचलली आणि जे काही हातात येईल ते वाचायचं त्या सवयीने, खणखणीत आवाजात, उघड्या खिडक्यांसमोर उभं राहून वाचलं,

"तुमचं पाठ नव्हतं"

मग त्यांनी भावाच्या हातातली प्लास्टिकची लेखणी घेतली, शेवटी राहिलेला पूर्णविराम दिला आणि पाटी माझ्या हातात ठेवली.